तोस्कानीनींना स्कोअर पाठ होता, कारण त्यांनी तो वाचला होता

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. आर्तूरो तोस्कानीनी या इटालियन कंडक्टरचा, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणाऱ्याचा, काळापांढरा फोटो, खाली पाच-सहा दावे आणि शेवटी उपदेश. दावे असे: ते साधे चेलोवादक होते, कंडक्टिंगचा गंध नव्हता, एका रात्री ब्राझीलमध्ये अचानक उभे राहिले आणि अख्खा ऑपेरा (गाऊन सादर होणारं नाटक) कागदाशिवाय चालवला. आयुष्यात स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आणि गायकांचे सूर एकत्र लिहिलेली प्रत, उघडला नाही. संगीतकाराचा एकही सूर बदलला नाही. सगळं जगात सर्वांत वेगाने वाजवलं. मुसोलिनीपुढे कधीच झुकले नाहीत, म्हणून मुसोलिनीने भर सभागृहात त्यांना थोबाडीत मारली. सत्तर वर्षांत एकही चूक केली नाही. आणि उपदेश: ‘प्रतिभेला कागद लागत नाही. मुलांच्या हातातलं नोटेशन काढून घ्या, कान उघडतील.’

हा मेसेज माझ्या भाचीच्या व्हायोलिन क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर आला, आणि परीक्षा दीड महिन्यावर असताना तिने साइट रीडिंगचा, म्हणजे नवं नोटेशन बघून तिथल्या तिथे वाजवण्याचा, सराव बंद केला. म्हणून हे लिहिणं भाग आहे. बाकीचे दावे नुसते चुकीचे आहेत. पहिले दोन मुलांचं नुकसान करणारे आहेत, त्यामुळे वेळ त्यांच्यावरच घालवतो.

‘कंडक्टिंगचा गंध नव्हता, अचानक उभे राहिले.’

तोस्कानीनींचा जन्म 25 मार्च 1867 चा, पार्मा शहरातला, शिंप्याच्या घरातला. नवव्या वर्षी ते पार्माच्या संगीत विद्यालयात गेले आणि 1885 मध्ये सर्वोच्च गुणांनी बाहेर पडले. म्हणजे नऊ वर्षं, तीही निवासी शाळेची. चेलो हे मुख्य वाद्य, पण जोडीला पियानो आणि रचनाशास्त्र. विद्यार्थी असतानाच ते सोबत्यांना गोळा करून छोटा वाद्यवृंद चालवत. ‘गंध नव्हता’ म्हणणाऱ्याने ही नऊ वर्षं सरळ गाळली आहेत.

आता 1886 ची ती रात्र. इटालियन कंपनी दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर, रिओ द जानेरोमध्ये इटालियन संगीतकार वेर्दींचा ऑपेरा ‘आईदा’. स्थानिक कंडक्टर लेओपोल्दो मिगेझ आणि गायकांचं बिनसलं होतं, त्याने काम सोडलं. त्याच्या जागी उभे राहिलेल्यांना प्रेक्षकांनी टिकू दिलं नाही. मग 19 वर्षांच्या तोस्कानीनींना पुढे ढकललं गेलं आणि त्यांनी स्कोअर न उघडता ऑपेरा पार पाडला. इथवर खरं आहे, निर्विवाद.

मेसेज जे सांगत नाही ते असं: त्या कंपनीत ते नुसते चेलोवादक नव्हते, कोरसच्या, म्हणजे समूहगायकांच्या, प्रशिक्षकाचे सहायक होते. या कामाचा अर्थ ज्यांनी ऑपेरा जवळून पाहिला आहे त्यांनाच कळेल. सहायकाने कोरसला सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशी उंच ते खालच्या आवाजांची एकेक ओळ वेगळी शिकवायची. पियानोवर बसून गायकांकडून भूमिका बसवून घ्यायची. प्रयोगाच्या वेळी पडद्याआडच्या फटीतून कंडक्टरचा हात बघायचा आणि आतल्या गायकांना ताल द्यायचा. हा ताल कंडक्टरच्या हाताबरोबर देऊन चालत नाही, किंचित आधी द्यावा लागतो. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. कोरस वाद्यवृंदापासून तीस मीटर मागे असेल तर त्याचा आवाज पुढे यायला सेकंदाचा जवळपास अकरावा भाग लागतो. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत एक मात्रा 0.6 सेकंदाची, म्हणजे कोरस मात्रेच्या सातव्या हिश्शाने मागे पडतो. तेवढ्यानेच कोरस ओढल्यासारखा वाटायला लागतो. पुजारिणींचं गाणं रंगमंचाच्या आतून येतं, त्यामुळे ‘आईदा’त ही अडचण पहिल्याच अंकात उभी राहते.

दुसऱ्या अंकाच्या विजय मिरवणुकीत सहा लांब कर्णे आहेत. तीन ए फ्लॅटमधले, तीन बी मधले. पहिल्या तुकडीने धून वाजवली की दुसरी तुकडी तीच धून वरच्या पट्टीत उचलते. त्याच वेळी खाली, रंगमंचापुढच्या खड्ड्यात, पूर्ण वाद्यवृंद, वर कोरसचे वेगवेगळे गट, आणि पुढे मुख्य गायक एकत्र. हे ‘अचानक’ कुणालाही चालवता येत नाही. खड्ड्यात चेलोच्या जागी बसून, कोरसच्या खोलीत, आतल्या फटीशी अशा तीन बाजूंनी ज्याने ते बसवलं आहे त्यालाच येतं. त्या रात्री कंपनीने तोस्कानीनींचं नाव घेतलं ते म्हणूनच. त्यांना ऑपेरा येतो हे गायकांना माहीत होतं, तोस्कानीनींकडूनच तर गायक तो शिकले होते.

आणि या ‘चमत्कारा’नंतर काय झालं? त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी तूरीनमध्ये कातालानी यांचा ‘एद्मेआ’ चालवला, आणि 5 फेब्रुवारी 1887 ला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात वेर्दींच्या ‘ओथेल्लो’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा ते पुन्हा चेलो घेऊन वाद्यवृंदात बसले होते. कंडक्टर म्हणून नाव झालेला माणूस परत रांगेत बसतो तो शिकायला. साठ वर्षांनी, 1947 च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या रेडिओवर त्यांनी तोच ‘ओथेल्लो’ चालवला.

‘आयुष्यात स्कोअर उघडला नाही.’

हा सगळ्यांत मूर्खपणाचा दावा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या कला विभागात तोस्कानीनींचा संग्रह आहे, आणि त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने खुणा केलेले स्कोअर आहेत. छापील चुका दुरुस्त केलेल्या, जोर कमी-जास्त केलेला, कुठे कुठलं वाद्य वाढवायचं ते लिहिलेलं. ज्याने स्कोअर उघडलाच नाही त्याच्या पेन्सिलीच्या खुणा त्यात आल्या कुठून? या एका पुराव्यावर मेसेजचा अर्धा भाग कोसळतो.

ते व्यासपीठावर स्कोअर ठेवत नसत, हे मात्र मान्य करावं लागेल. त्यांची स्मरणशक्ती असामान्य होती, हेही. पण त्यामागे एक साधं कारणही होतं: त्यांची दृष्टी फार अधू होती. कागद डोळ्यांजवळ धरल्याशिवाय वाचता येत नसे, आणि हाताच्या अंतरावर ठेवलेला स्कोअर निरुपयोगी. म्हणून घरी नाकाशी धरून वाचायचा, पाठ करायचा, आणि मगच तालमीला यायचं. कागद टाळण्याऐवजी ते इतरांपेक्षा जास्त वेळ कागदातच होते.

स्कोअर पाठ करणं म्हणजे धून पाठ करणं नव्हे. मोठ्या ऑपेऱ्याच्या एका पानावर वीस-बावीस ओळी एकाखाली एक असतात, आणि त्या सरळ वाचताही येत नाहीत. बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या ओळीत सी लिहिलेला असेल तर कानाला बी फ्लॅट ऐकू येतो. एफ हॉर्नच्या ओळीतला सी खालचा एफ वाजतो. व्हायोलाची ओळ तिच्या वेगळ्या क्लेफमध्ये (कुठली रेघ म्हणजे कुठला सूर हे ठरवणारी खूण), जिथे मधली रेघ म्हणजे मधला सी. हे सगळं डोक्यात एकाच वेळी उलगडून खरा स्वरसमूह ऐकू यावा लागतो. कामाचा क्रम साधारण असा असतो: आधी सगळ्यांत खालची बासची ओळ, कारण हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची रचना, तिच्यावर उभी असते. मग वाक्यं मोजायची, चार बारांची (बार म्हणजे तालाचं एक माप) कुठली, पाचाची कुठली. पाचाचं वाक्य चाराचं समजलं तर पुढचा प्रत्येक इशारा एक बार लवकर पडतो. मग प्रत्येक वाद्याचा प्रवेश. ट्रॉम्बोनवाला साठ बार गप्प बसून येणार असेल तर त्याच्याकडे आधीच्या बारमध्ये बघावं लागतं, तेव्हा तो श्वास घेतो. ऐन मात्रेवर बघितलं तर तो उशिराच येणार. ऑपेऱ्यात वर गायकांचं प्रत्येक अक्षर. शेवटी एक ओळ गात दुसरी हाताने देता येते का, ही परीक्षा.

इतकं असूनही प्रयोगात गायक दोन बार खाऊन पुढे जातो. अशा वेळी पुढची जागा कुठली, वाद्यवृंदातल्या कुणाला थांबवायचं आणि कुणाला उडी मारायला लावायची हे दोन सेकंदांत ठरवावं लागतं. पानावर ती जागा नेमकी कुठे आहे हे ज्याने पाहिलेलं आहे, त्यालाच हे शक्य होतं.

बासून हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्या एकाचा किस्सा नेहमी सांगितला जातो: प्रयोगाआधी तो घाबरून आला, अमुक सुराची कळ मोडली म्हणाला, आणि तोस्कानीनी थोडा विचार करून म्हणाले, आज तुला तो सूर वाजवायचाच नाही. हा किस्सा खरा धरला तरी त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की आतल्या बासूनचा भागसुद्धा त्यांनी सुरासुराने वाचला होता.

आपल्याकडच्या गुरुशिष्य परंपरेचा दाखला या मेसेजखाली अनेकांनी दिला. तिचा आदर असणाऱ्यानेच तो देऊ नये. तिथे कागद नसतो, पण एक बंदिश वर्षानुवर्षं गुरूसमोर बसून घोटली जाते. ऐंशी माणसं एकाच क्षणी ऐंशी वेगळ्या गोष्टी वाजवतात त्या संगीताला लिहिलेला स्कोअर लागतो. या दोन्ही शिस्ती आहेत. मेसेज सांगतोय तो आळस.

‘एकही सूर बदलला नाही.’

अर्धं खरं. गायकांनी पदरचे घातलेले उंच सूर, मनाला येईल तिथे लांबवलेली स्वराची टोकं, प्रेक्षकांच्या मागणीवरून गाण्याची पुनरावृत्ती, या सगळ्याविरुद्ध ते आयुष्यभर भांडले. 1903 मध्ये ला स्कालात पुनरावृत्तीच्या हट्टावरून ते निघून गेले आणि 1906 पर्यंत परतले नाहीत. यातून ‘फक्त लिहिलंय तेच’ अशी ख्याती झाली. पण बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागात लाकडी वाद्यांची धून तारवाद्यांखाली बुडते, तिथे ते हॉर्नची जोड देत. बीथोव्हेनच्या काळच्या हॉर्नला झडपा नव्हत्या, नैसर्गिक स्वरमालिकेतलेच सूर सहज निघत, म्हणून त्याने तिथे हॉर्न लिहिला नसावा, असा त्यामागचा तर्क. देब्यूसीच्या ‘ला मेर’मध्येही त्यांनी वाद्यवाटप बदललं. पुच्चीनींचा ‘तूरांदोत’ हा ऑपेरा अपुरा राहिला आणि आल्फानो या संगीतकाराने शेवट लिहिला, तेव्हा तो कापून लहान करायला लावणारे तोस्कानीनीच. 25 एप्रिल 1926 च्या पहिल्या प्रयोगात तर त्यांनी लिऊ या पात्राच्या मृत्यूनंतर बॅटन, म्हणजे कंडक्टरची छडी, खाली ठेवली आणि तो शेवट वाजवलाच नाही.

वेर्दींसमोरची घटना याहून बोलकी आहे. 1898 मध्ये वेर्दींचं ‘ते देउम’ हे स्तोत्र त्यांना वाजवून दाखवताना तोस्कानीनींनी एके ठिकाणी न लिहिलेला विलंब घेतला, म्हणजे लय संथ केली. वेर्दींना तो पटला. तो लिहिला असता तर लोकांनी फार ताणला असता, म्हणून लिहिला नाही, असं त्यांचं म्हणणं. कागदाशी प्रामाणिक राहणं म्हणजे काय, हे इथे नीट दिसतं.

‘सर्वांत वेगवान.’ 1931 ला जर्मनीत बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात त्यांनी चालवलेला वाग्नरचा ऑपेरा ‘पार्सिफाल’ मध्यंतरं सोडून चार तास चाळीस मिनिटांच्या आसपास चालला. तिथल्या इतिहासातल्या सर्वांत संथ प्रयोगांत तो मोजला जातो. उत्तरायुष्यातली त्यांची बरीच रेकॉर्डिंग न्यूयॉर्कच्या 8-एच स्टुडिओतली आहेत. त्या खोलीत गुंज जवळजवळ नव्हती, सूर लगेच तुटतो, म्हणून वेग आहे त्याहून जास्त वाटतो. एवढं पुरे.

मुसोलिनी. थोबाडीत बसली हे खरं, 14 मे 1931, बोलोन्या. पण मुसोलिनी तिथे नव्हता. मार्तुच्ची या संगीतकाराच्या स्मृतिसभेआधी फॅसिस्टांचं ‘जोविनेत्सा’ हे गीत वाजवायला तोस्कानीनींनी नकार दिला आणि नाट्यगृहाच्या दाराशी फॅसिस्ट गुंडांनी त्यांना मारलं. नंतर काही काळ पासपोर्ट काढून घेतला. ‘कधीच’ हा शब्द मात्र काढा. 1919 च्या निवडणुकीत मिलानमध्ये ते मुसोलिनीच्याच यादीतले उमेदवार होते. यादी सपाटून पडली, आणि 1922 ला मुसोलिनी सत्तेवर येण्याआधीच ते त्याच्यापासून दूर झाले होते. आपली चूक ओळखून पुढे अंगावर मार झेलणारा माणूस मला मेसेजमधल्या पुतळ्यापेक्षा मोठा वाटतो. 1936 च्या डिसेंबरात, युरोपातून पळालेल्या ज्यू वादकांच्या पॅलेस्टाइनमधल्या नव्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम त्यांनी मानधन न घेता केला. मुंबईच्या झुबिन मेहतांनी पुढे अनेक दशकं चालवला तो हाच वाद्यवृंद, आजचा इस्रायल फिलहार्मोनिक.

राहिलं ‘एकही चूक नाही’. 4 एप्रिल 1954, न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल, रेडिओवर थेट प्रक्षेपण, सगळा कार्यक्रम वाग्नरचा. ‘टानहॉयझर’च्या संगीतात 87 वर्षांच्या तोस्कानीनींची स्मृती क्षणभर दगा देऊन गेली. हात थबकला. प्रक्षेपण करणाऱ्यांनी घाबरून ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीची रेकॉर्ड लावली, मग पुन्हा सभागृहाकडे वळले. तो त्यांचा शेवटचा जाहीर कार्यक्रम. त्यानंतर दोन महिन्यांनी, जूनमध्ये, ते एकदाच परत रेकॉर्डिंगला आले. आधीच्या ऑपेरा प्रक्षेपणांतले काही तुकडे त्यांच्या मनासारखे नव्हते, ते दुरुस्त करायचे होते. त्यातला एक ऑपेरा होता ‘आईदा’.