'द फ्रॅजाइल' सात दिवसांत निकालात काढला गेला

नाइन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडचा 'द फ्रॅजाइल' हा अल्बम २१ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत आला. पहिल्याच आठवड्यात २ लाख २८ हजार प्रती खपल्या आणि तो बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत पहिला आला. पुढच्या आठवड्यात थेट सोळावा! पहिल्या क्रमांकावरून एवढी मोठी घसरण तोपर्यंत कुठल्याच अल्बमची झाली नव्हती. आजही या अल्बमचा विषय निघाला की कोणीतरी ती घसरण काढतंच, आणि मला दरवेळी राग येतो. दोन डिस्क, तेवीस ट्रॅक, जवळपास पावणेदोन तास. एवढं काम सात दिवसांत कोणाच्या पचनी पडणार होतं?

नाइन इंच नेल्स म्हणजे मुळात ट्रेंट रेझनर. यंत्रांचे खणखणाट, ड्रम मशीन, फाटलेल्या आवाजाची गिटार आणि त्यातून वर येणारी चाल, हे इंडस्ट्रियल रॉक त्याने घराघरात पोचवलं. १९९४ चा 'द डाउनवर्ड स्पायरल' दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला होता. त्यानंतर साडेपाच वर्षं पूर्ण लांबीचा नवा अल्बम नाही. मधल्या काळात ज्या आजीने त्याला वाढवलं ती गेली. न्यू ऑर्लिन्समध्ये पूर्वी जिथे अंत्यविधीची व्यवस्था व्हायची त्या इमारतीत त्याचा स्टुडिओ होता. तिथे अ‍ॅलन मोल्डर या सहनिर्मात्याला सोबत घेऊन तो रेकॉर्ड करत राहिला. इतकं साठलं की कशानंतर काय यावं हे ठरवायला शेवटी बॉब एझ्रिनला बोलवावं लागलं. पिंक फ्लॉइड बँडच्या 'द वॉल' अल्बमच्या निर्मात्यांपैकी एक तो हाच.

इकडे बाजार पार बदलला होता. त्याच वर्षी लिम्प बिझकिट हा रॅप-रॉक बँड पहिल्या नंबरवर येऊन गेला होता. जोरकस रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी धून), त्यावर रॅप आणि उडी मारता येईल असा कोरस, रॉकच्या रेडिओला हेच हवं होतं. आणि रेझनरने पहिलं सिंगल कोणतं काढलं? 'द डे द वर्ल्ड वेंट अवे'. ज्यात ड्रम्सच नाहीत. सुरुवातीला गिटारची भिंत अंगावर येते, मग सगळं विरतं, उरतो जवळजवळ कुजबुजणारा आवाज. परत भिंत, आणि शेवटी शब्द सोडून नुसतं सामुदायिक 'ना ना ना'. ठेका धरायला कुठे जागाच ठेवलेली नाही. अशा बाजारात हे पहिलं गाणं म्हणून पुढे करायला छाती लागते.

'ला मेर' नीट ऐका. पियानोवर एक छोटी, फिरत राहणारी चाल. त्यावर हळूहळू बास चढतो, क्रिओलमध्ये (फ्रेंचमधून घडलेल्या बोलीत) बोलणारा एका बाईचा आवाज येतो, मग ड्रम्स. दुसऱ्या डिस्कवर 'इन्टू द व्हॉइड' सुरू होतं आणि तीच चाल वेगळ्या अंगाने परत भेटते, आता नाचायला लावणारी. 'द फ्रेल'मधली पियानोची ओळही अशीच 'द फ्रॅजाइल' या गाण्यात मोठी होऊन येते. ख्यालात मुखडा परत येतो आणि दरवेळी वेगळा वाटतो, तसंच हे आहे. हे कळायला आधीचं कानात मुरलेलं असावं लागतं.

समीक्षक दुभंगले. 'स्पिन' या संगीत मासिकाने याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने दहापैकी २.० दिले. शब्द कच्चे आहेत, स्वतःचीच कीव करणारे आहेत, ही टीका तेव्हा बरीच झाली आणि ती सगळी खोटी नाही. रेडिओवर 'स्टारसकर्स, इंक.' या सौम्य नावाने वाजलेलं गाणं मलाही इथे उपरं वाटतं. इतरांचा हिशोब चुकता करायची ती जागा नव्हती. दुसरी डिस्क मध्यावर थोडी रेंगाळते हेही खरं.

पण शब्दांवरून या अल्बमचं माप काढणंच मला पटत नाही. यात निदान अर्धा डझन तुकडे असे आहेत ज्यांत गाणं म्हणावं असं जवळजवळ काही नाही. जे सांगायचंय ते वाद्यं सांगतात. 'जस्ट लाइक यू इमॅजिन्ड'मध्ये माइक गार्सनचा पियानो त्या गोंगाटात वेड्यासारखा धावतो, तिथे शब्द काय करणार होते? पुढे '३००' या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये हाच तुकडा वाजला आणि लोक विचारू लागले, हे कोणाचं? २०१० च्या 'द सोशल नेटवर्क'चं संगीत रेझनरने अ‍ॅटिकस रॉसबरोबर केलं, ऑस्कर मिळालं, आणि रॉकवाला सिनेमाकडे वळला म्हणून सगळे चकित झाले. मला त्या आश्चर्याचं आश्चर्य वाटलं. तो संगीतकार १९९९ मध्येच पूर्ण तयार होता.

त्या वेळच्या थंड प्रतिसादाची किंमत त्याने मोजली. अमेरिकेतला दौरा त्याला स्वतःच्या खिशातून करावा लागला. व्यसन वाढत गेलं, २००० मध्ये लंडनमध्ये जिवावर बेतलं. त्यातून बाहेर पडून पुढचा अल्बम आला तो थेट २००५ मध्ये, आणि त्यात गाणी पुष्कळ आटोपशीर झाली होती. चांगली आहेत, मी ऐकतो. पण 'द फ्रॅजाइल'सारखा अवाढव्य, पसरट, सगळं पणाला लावणारा अल्बम नाइन इंच नेल्सच्या नावावर मला पुन्हा ऐकायला मिळाला नाही. नंतर 'डिव्हिएशन्स १' नावाने याच अल्बमची वाद्यरूपं आणि तेव्हा बाजूला पडलेले तुकडे आले. आवाज काढून घेतला तरी डोलारा तसाच उभा राहतो.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांनी शफल बंद करून पहिली डिस्क सलग लावा, शेवटच्या 'द ग्रेट बिलो'पर्यंत. दुसरी डिस्क दुसऱ्या दिवशी. आणि ज्यांना १९९९ मध्ये हा कंटाळवाणा वाटला होता त्यांनी आज पुन्हा ऐकून काय वाटलं ते खाली नक्की लिहा, अजूनही नाही आवडला तरी लिहा.