लहान खोलीत मोठेच स्पीकर हवेत, हे खरं नाही

‘लहान खोलीत छोटे स्पीकर म्हणजे पैसे पाण्यात’ असा एक मजकूर बरेच दिवस एकाकडून दुसऱ्याकडे फिरतोय. स्पीकर घ्यायला निघालेल्या तिघांनी तो मला पाठवला आणि ‘हे खरं का?’ असं विचारलं. मजकूर थोडक्यात असा: खर्जाच्या लाटा लांब असतात, लहान खोलीत त्या मावत नाहीत, त्यामुळे बेस हवा असेल तर मोठा वूफर (खर्ज वाजवणारा पडदा) आणि जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकरच घ्यावेत. वॅट जितके जास्त तितकं चांगलं. मागच्या बाजूला पोर्ट (पेटीतली हवा आत-बाहेर करणारं भोक) असलेला स्पीकर भिंतीजवळ ठेवूच नये. कोपऱ्यात ठेवला तर बेस फुकट वाढतो. माहितीपत्रकात ‘४० ते २०,००० हर्ट्झ’ लिहिलंय ना, एवढं बघून घ्यावं. आणि भिंतीला फोम चिकटवला की खोलीचा प्रश्न मिटला.

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, आणि नेमक्या त्या अर्ध्या सत्यामुळेच माणूस चुकीची वस्तू घरी आणतो.

लाट मावत नाही, इथून सुरुवात करू. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या थोडी वर भरते. इथपर्यंत हिशेब बरोबर आहे. पण कान लाटेची लांबी मोजत बसत नाही. कानाच्या पडद्याला कळतो तो हवेचा कमीजास्त होणारा दाब. हेडफोन आणि कानाचा पडदा यांच्यात जेमतेम काही सेंटिमीटर हवा असते, तरी तोच ४० हर्ट्झचा स्वर तिथे स्वच्छ ऐकू येतो. लाट पुरी मावल्याशिवाय बेस येत नसता, तर हेडफोनमधून तो कधीच आला नसता.

उलट लहान खोली खर्जाला हातभार लावते. खोलीच्या सगळ्यात लांब बाजूच्या दुपटीने ३४३ ला भागलं की खोलीची सगळ्यात खालची घुमण्याची वारंवारता मिळते. त्याच्या खाली खोली एखाद्या बंद डब्यासारखी वागते: वूफर आत-बाहेर झाला की सगळ्या खोलीतला दाब एकदम वरखाली होतो, आणि जसजसं खाली जावं तसतसा आवाजाला उठाव मिळत जातो. भिंती भक्कम आणि खोली पूर्ण बंद असेल तर हा उठाव दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात दारं-खिडक्यांतून दाब निसटतो, तेव्हा मिळतो तो कमीच. आता यात गंमत अशी की बंद पेटीच्या, म्हणजे पोर्ट नसलेल्या, स्पीकरचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो. एकाचा उतार दुसऱ्याचा चढ बऱ्यापैकी भरून काढतो. कागदावर ६० हर्ट्झपाशी दमलेला दिसणारा लहान स्पीकर लहान खोलीत म्हणूनच अपेक्षेपेक्षा खाली उतरतो. मोकळ्या जागेत ३० हर्ट्झपर्यंत सपाट जाणारा मोठा स्पीकर त्याच खोलीत खालच्या बाजूला फुगतो.

हे मी माझ्याच खोलीत सोसलंय. खोली साडेतीन मीटर लांब, तीन मीटर रुंद. तिथे मी दोन-दोन वूफरचे उंच स्पीकर आणले होते. ३४३ भागिले ७ म्हणजे ४९ हर्ट्झ. बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो स्वर वाजतो, तोही नेमका ४९ हर्ट्झचा. गाण्यात तो स्वर आला की गायकाचा आवाज त्याच्याखाली दबायचा आणि कपाटाचं काचेचं दार थरथरायला लागायचं. वादक दोन फ्रेट वर सरकला की सगळं पूर्ववत. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती, आणि भिंतीपाशी या घुमाऱ्याचा दाब सगळ्यात जास्त असतो. खुर्ची सव्वा मीटर पुढे ओढली तेव्हा त्या स्वराचा जोर लगेच सात-आठ डेसिबलने उतरल्यासारखा वाटला. अगदी खोलीच्या मध्यावर बसलो तर तो जवळजवळ नाहीसाच व्हायचा, आणि तेही बरं नाही. त्यानंतर मी पाच इंची वूफरचे, बंद पेटीचे लहान स्पीकर स्टँडवर लावले. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा स्वर कसा वळतो, ते त्या खोलीत मी पहिल्यांदा नीट ऐकलं. आधी नुसतं ‘धुम्म’ व्हायचं.

इथे मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. लहान पेटीचं भौतिकशास्त्र चुकवता येत नाही. केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जोसेफ अँटन हॉफमन, यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणासाठीच्या गाड्यांमध्ये बसवायला एलएस३/५ए हा स्पीकर तयार केला. उंची सुमारे ३० सेंटिमीटर, आत पाच इंची वूफर. गाडीत जागाच तेवढी होती. त्याला खोल खर्ज नाही आणि तो मोठ्याने वाजतही नाही. पण माणसाचा बोलण्याचा आवाज कसा यायला हवा, हे ठरवताना आजही त्याचं नाव घेतलं जातं. दिवाणखाना दणाणून सोडायचा असेल तर तो स्पीकर तुमच्यासाठी नव्हे. दोन मीटरवर बसून ऐकायचं असेल तर त्याच्या कुळातल्या स्पीकरला नाव ठेवायला जागा नाही.

यातूनच वॅटचा मुद्दा सुटतो. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सोसू शकतो ते. किती मोठ्याने वाजेल ते नाही. त्यासाठी संवेदनशीलता बघावी लागते. समजा ती ८६ डेसिबल आहे, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल. उघड्यावर दोन मीटरवर ते ८० होतील. स्पीकर दोन आहेत, म्हणून तीन वाढवा. भिंती काही परत देतात, ती भर वेगळी. एवढ्या आवाजात शेजारच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागतं, आणि हे फक्त एकेका वॅटवर. दहा वॅट दिले तर आणखी दहा डेसिबल, म्हणजे कानाला साधारण दुप्पट. आणि ५० ऐवजी १०० वॅटचा अँप्लिफायर घेतला तर पदरात पडतात फक्त तीन डेसिबल. लहान खोलीत चांगल्या प्रतीचे ३०-४० वॅट बहुतेकांना पुरून उरतात.

मागच्या पोर्टबद्दलची भीती अकारण आहे. ६० हर्ट्झची लाट पावणेसहा मीटर लांब असते. पोर्ट पेटीच्या पुढे आहे की मागे, या वीस-तीस सेंटिमीटरच्या फरकाने तिला काही फरक पडत नाही. पोर्टच्या तोंडाला हवा खेळायला पोर्टच्या व्यासाएवढी जागा मिळाली की झालं. भिंतीजवळ बेस वाढतो तो भिंतीमुळे, आणि तो पुढच्या पोर्टच्या किंवा बंद पेटीच्या स्पीकरचाही वाढतो. फारच झाला तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून बघा. अनेक स्पीकरांबरोबर तो येतोच.

खरं तर लहान खोलीत भिंतीपासून लांब ठेवण्याचा आग्रहच अडचणीचा ठरतो. स्पीकरच्या मागे गेलेला आवाज भिंतीवरून परततो आणि एका ठराविक वारंवारतेला थेट आवाजाला छेद देतो, म्हणजे तिथे आवाजात खड्डा पडतो. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून एक मीटरवर असेल तर हा खड्डा ८६ हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे बेसच्या ऐन मध्यात. ३० सेंटिमीटरवर आणला तर तो २८५ च्या आसपास जातो, जिथे स्पीकर मागच्या बाजूला तुलनेने कमी आवाज फेकतो आणि खड्डा उथळ होतो. म्हणून भिंतीजवळ ठेवायला बनवलेला, किंवा खर्ज थोडा उतरवायची सोय असलेला लहान स्पीकर अशा खोलीत उत्तम बसतो. कोपरा मात्र टाळा. तिथे खोलीचे सगळेच घुमारे एकदम जागे होतात. बेस वाढतो हे खरं, पण काही स्वर डोक्यावर बसतात आणि काही मागेच राहतात.

‘४० ते २०,०००’ या आकड्याला किती डेसिबलच्या फरकात, हे सोबत लिहिल्याशिवाय अर्थ नाही. ४० हर्ट्झला आवाज तीन डेसिबलने उतरलाय की दहाने, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मी आधी कोणत्या वारंवारतेला किती आवाज येतो याचा आलेख बघतो: समोरचा सपाट आहे का, आणि बाजूच्या कोनांतला त्याच वळणाने हळूहळू उतरतो का. लहान खोलीत बाजूच्या भिंती जवळ असतात, त्यामुळे कोनात फेकलेला आवाज क्षणार्धात कानावर येतो. तो वेडावाकडा असेल तर खोली त्याला झाकत नाही. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये वर्षानुवर्षं पडद्याआडून ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या, आणि श्रोत्यांची पसंती सातत्याने अशाच स्पीकरांना मिळाली. पुढे १९९४ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी एक प्रयोग मांडला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा डोळ्यांसमोर, एकदा पडद्याआड. स्पीकर दिसत असताना लहान आणि स्वस्त संचाला कमी गुण पडले, पडदा लावल्यावर त्याच संचाचे गुण वर गेले. आवाज तोच होता. उंच, लाकडी, भारदस्त पेटी पाहून आपलं मत आधीच ठरतं, हे मला त्या मजकुराच्या प्रत्येक वाक्यात दिसतं.

फोमबद्दल थोडक्यात. पाच सेंटिमीटरचा फोम वरचे आवाज खातो, ४९ हर्ट्झला त्याचा पत्ताही लागत नाही. भिंतीभर तो लावला की खोली कोंदट वाटते आणि घुमारा होता तिथेच राहतो. बाजूच्या भिंतीवर जिथून आवाज पहिल्यांदा परततो, तिथे पुस्तकांची मांडणी किंवा दहा सेंटिमीटर जाडीचा खनिज लोकरीचा फलक, आणि जमिनीवर जाड गालिचा. माझ्या खोलीत एवढंच आहे.

एवढं करूनही ५० हर्ट्झच्या खालचं हवंच असेल, ऑर्गन किंवा पियानोच्या अगदी डावीकडच्या पट्ट्या ऐकायच्या असतील, तर मुख्य स्पीकर मोठे करू नका. फक्त खर्ज वाजवणारा, वेगळा बंद पेटीचा लहान सबवूफर घ्या आणि ८० हर्ट्झच्या आसपास काम वाटून द्या, खालचं त्याला आणि वरचं मुख्य स्पीकरांना, कारण चांगल्या आवाजासाठीची स्पीकरांची जागा आणि चांगल्या बेससाठीची जागा बहुधा एक नसते. जागा शोधायला सबवूफर आधी तुमच्या खुर्चीवर ठेवा, पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारी बास गिटारची एखादी ओळ लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे सगळे स्वर सारख्याच ताकदीने ऐकू येतात, तिथे खडूने खूण करा आणि सबवूफर तिथे नेऊन ठेवा.