पुन्हा तेच ‘रिस्पेक्टेड सर’!

आज सकाळपासून अकरा मेल आले, त्यातले सात ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू. अहो, मी बाई आहे! माझ्या प्रत्येक मेलखाली नाव असतं, नावाखाली पद असतं, ते वाचायचे कष्ट कोणी घेत नाही. मराठीत लिहिणारे तर ‘महोदय/महोदया’ अशी तिरकी रेघ मारून मोकळे होतात. ती रेघ डोळ्यांत खुपते. एक शब्द खोडायला असा किती वेळ लागतो?

आणि शेवट? दीड ओळीच्या निरोपाखाली ‘आपला विश्वासू’, नाहीतर काहीच नाही.

माझ्या आजीकडे माणसागणिक मायना होता. आईवडिलांना तीर्थरूप, बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद. बरोबरीच्यांना स.न.वि.वि., म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पोस्टकार्डावर जागा इवलीशी, कडेकडेनं आडवं लिहायची, पण नमस्कार कधी गाळला नाही. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ असायचंच. इथे जागेला तोटा नाही, तरी ‘नमस्कार’ आणि पुढे समोरच्याचं खरं नाव, एवढं लिहायलाही लोकांच्या जिवावर येतं!