लक्ष नसतं म्हणे!

आज लेकीच्या शाळेत पालकसभा होती. बाईंनी वही पुढे सरकवली. लाल शाईत शेरा: 'वर्गात लक्ष नसते. खिडकीबाहेर बघत बसते.' चौथीतली पोरगी, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, साठ पोरं, आणि काम काय तर फळ्यावरचं उतरवून घ्या. मग बघेल नाहीतर काय!

तिथे गप्प बसले. आता इथे बोलते.

आमची काकू पोळ्या लाटायची तेव्हा तिचं मन पोळीत कधीच नसायचं. हात आपला फिरतोय आणि ही मध्येच, "अगं बाई, मास्तरीणबाईंचं ब्लाउजपीस द्यायचं राहिलंच!" आठवडाभराचं घर ती पोळपाटापाशी चालवायची. हाताला सवयीचं काम लागलं की मन सुटतं आणि राहिलेलं, पुढचं, सगळं उकरून आणतं. काकूला नाही कुणी शेरा दिला.

मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण शक्ती खातो २० टक्के. आणि एखाद्या कामात डोकं घातलं म्हणून त्यात फारशी भर पडत नाही. म्हणजे आपण 'नुसतं बसलेलो' असतो तेव्हाही आत कारखाना चालूच. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ सालीच हे मांडलंय. शाळेत कधी पोचायचं?

दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणारे जवान पाणबुड्यांच्या खुणा चुकवू लागले, तेव्हा मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थने माणसांना एका फिरत्या काट्यापुढे बसवून पाहिलं. काट्याने मोठी उडी मारली की सांगायचं, बस्स. अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागल्या. मोठी माणसं ती! आणि आमच्या नऊ वर्षांच्या पोरीला लाल शेरा.

हो, गाडी चालवताना मन भटकलं तर जीव जातो, मान्य. सुटलेलं मन पुष्कळदा काळजीतच जाऊन बसतं, हेही खरं. काका गेल्यावर काकू पोळी करपेपर्यंत तव्याकडे बघत राहायची. आम्ही कुणीतरी जाऊन गॅस बारीक करायचो. 'लक्ष कुठंय तुझं' असं तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

बाई वाईट नाहीत हो. साठ पोरं, वर निवडणुकीची कामं, त्यांचं तरी मन त्या तासाला वर्गात असेल का? पण मग दुपारी पोरांना उतरवून घ्यायला लावू नका. मातीकाम द्या, नाटक करू द्या, भांडू द्या हवं तर. आणि खिडक्या उघड्या ठेवा, उकडतं.