चॅरिटी बटलरची केस मी लिहायलाच हवी होती

दादा, थॅडियस स्टीव्हन्स या गुलामगिरीविरोधी अमेरिकन पुढाऱ्यावर मी लेख लिहिला, त्यावर तुमचं म्हणणं असं की त्याला मी पार देव करून टाकला, वकील असताना त्याने गुलामांच्या मालकाची केस लढवून जिंकली ते गाळलं, आणि पुढची त्याची समतेची भाषणं सगळी मतांसाठीच होती.

केस गाळली हे मान्य. 1821 मध्ये चॅरिटी बटलर ही बाई स्वतःच्या आणि मुलांच्या सुटकेसाठी पेनसिल्व्हेनिया राज्यात कोर्टात गेली, तिथला 1780 चा कायदा असा की बाहेरून आणलेल्या गुलामाला सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं की तो मोकळा. तिचे येऊन-जाऊन सगळे दिवस धरले तर तेवढे भरत होते. पण स्टीव्हन्स मालकाकडून उभा राहिला आणि म्हणाला, सहा महिने सलग पाहिजेत, आणि कोर्टाने तेच धरलं. एका 'सलग' शब्दावर ती आणि तिची लेकरं परत गुलामीत! वकिलाचं कामच असतं ते, असं मी म्हणणार नाही, केस नाकारता आली असती त्याला. पुढे 1851 च्या ख्रिस्तियाना प्रकरणात, म्हणजे पळालेल्या गुलामांना पकडायला आलेल्या मालकाला लोकांनी तिथे अडवलं त्यात, राजद्रोहाचा आरोप असलेल्या कॅस्टनर हॅनवेच्या बचावात तो होता, हॅनवे सुटला, पण त्याने चॅरिटीचं काही भरून येत नाही.

त्याची भाषणं मतांसाठी होती हे मात्र अजिबात पटत नाही. 1837-38 ला राज्याची नवी घटना लिहायला सभा बसली त्यात तो होता, आणि त्या घटनेत मतदार म्हणजे फक्त गोरा पुरुष असं घातलं, म्हणजे आधी जे थोडेफार काळे लोक मत देत होते त्यांचंही गेलं. स्टीव्हन्सने सही केली नाही. आता तुम्हीच सांगा, ज्यांचा मताचा हक्कच काढून घेतला त्यांच्या बाजूने उभं राहून कुणाची मतं मिळणार होती? राज्यातल्या फुकट शाळांच्या कायद्याचंही तसंच, कर वाढणार म्हणून लोक चिडलेले, राज्याच्या सिनेटने तो रद्द करायचं मतदानही केलेलं, तरी 11 एप्रिल 1835 ला तो खालच्या सभागृहात बोलला आणि कायदा वाचला.

आणि 1868 ला वारला तेव्हा लँकेस्टरमधल्या एका साध्या दफनभूमीत पुरलं त्याला, ती जागा त्याने स्वतःच निवडलेली, कारण बाकीच्या ठिकाणी वंश बघून जागा द्यायचे. थडग्यावर तसं कोरूनही घेतलंय.

मूळ लेखात चॅरिटीचा भाग आज रात्री घालतोय, शाळांच्या आधी, कारण घडलंही आधीच.