संघर्षाचं कौतुक पुरे, स्टायपेंड वेळेवर द्या

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तसलाच फॉरवर्ड आला, अमुक शास्त्रज्ञाला सगळ्यांनी नाकारलं, हिणवलं, पण तो खचला नाही आणि शेवटी जगाने त्याच्यापुढे मान तुकवली, खाली चाळीस नमस्कार. मला आता अशा पोस्टचा खरंच त्रास होतो. त्यातली माणसं खोटी नसतात, पण त्यांना झालेला त्रास जणू शोधासाठी गरजेचाच होता असा सूर असतो, आणि जी खचली त्यांची गोष्ट कोणी फॉरवर्डच करत नाही.

मुलुंड-भांडुप साइडला राहणाऱ्यांनी हायवेवरून मिठागरं रोज बघितलेली असतात. उन्हाळ्यात पाणी आटून मीठ धरायला लागलं की कधीकधी त्यावर गुलाबीसर छटा येते. ती घाण नाही, ते जीव आहेत. समुद्रापेक्षा सात-आठ पट खारट पाण्यात, जिथे बाकी काही जगत नाही तिथे आरामात राहणारे. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं आठवतंय? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा हीच मंडळी निघाली, हॅलोआर्किया.

स्पेनमध्ये सांता पोला नावाचं गाव आहे, तिथेही अशीच मिठागरं. जवळच्या आलिकान्ते विद्यापीठात फ्रान्सिस्को मोहिका हा तरुण त्यातल्याच एका सूक्ष्मजीवावर पीएचडी करत होता. त्याच्या डीएनएमध्ये तीसेक अक्षरांचा एकच तुकडा ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येतोय हे त्याला दिसलं, १९९३ला त्यावर पेपरही आला, पण याचं करायचं काय हे कोणालाच कळेना. विषय बिनकामाचा म्हणून हाताशी पैसा नाही, तरी दहा वर्षं हा माणूस त्याच तुकड्यांच्या मागे. २००३च्या उन्हाळ्यात तो त्या तुकड्यांच्या मधल्या जागेतली अक्षरं एकेक करून कॉम्प्युटरवर ताडून बघत बसला आणि त्याच्या लक्षात आलं की अरे, हे तर व्हायरसचे तुकडे आहेत, म्हणजे एवढासा जीव आपल्या शत्रूंची नोंद ठेवतोय, ही त्याची रोगप्रतिकारशक्ती आहे! एवढी मोठी गोष्ट हातात असताना नेचर या नावाजलेल्या जर्नलने पेपर परत पाठवला, मग आणखी जर्नल्सनी पाठवला, शेवटी २००५ला एका त्यामानाने छोट्या जर्नलमध्ये छापून आला. आज सगळं जग ज्याला क्रिस्पर म्हणतं ते हेच. २०२०चं नोबेल पुढे त्यातून जनुक कापायचं तंत्र बनवणाऱ्या दोघींना मिळालं (त्यांचं काम मोठंच आहे, त्यात वाद नाही), मोहिकाचं नाव त्यात नव्हतं. आणि २०२३च्या शेवटी या तंत्रावरच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली तो कशासाठी, तर सिकलसेलसाठी. आपल्या गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये, इथे जवळ पालघरमध्ये घराघरात माहीत असलेला आजार. तो उपचार आज त्या घरांना परवडणारा नाही, पण जो रस्ता निघाला त्याचं एक टोक मिठागरात आहे.

हे हॅलोआर्किया बॅक्टेरिया नाहीतच, जिवांची वेगळीच शाखा आहे, हे तरी कोणी सांगितलं? कार्ल वोज, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात. आजच्यासारखी मशीन तेव्हा नव्हती, आरएनएचे (पेशीतला डीएनएसारखाच रेणू) बारीक तुकडे करायचे, त्यांचे डाग एक्सरे फिल्मवर उमटवायचे आणि ती फिल्म उजेडाच्या फळीवर लावून एकेक डाग डोळ्यांनी वाचायचा. वर्षानुवर्षं, दिवसभर, बहुतेक वेळ एकट्याने. १९७७ला त्याने जॉर्ज फॉक्सबरोबर अशी वेगळी शाखा आहे असा पेपर काढला, आणि मग काय झालं तर त्याचा सहकारी राल्फ वुल्फ याला नोबेल विजेत्या साल्वादोर ल्युरियाचा फोन आला की यातून अंग काढून घे, नाहीतर करिअर धुळीला मिळवशील. वाद घालायचा तर डेटावर घाला ना, फोन करून माणसाला वाळीत का टाकता? वोजला क्रॅफूर्ड प्राइझ हा विज्ञानातला मोठा पुरस्कार मिळाला २००३ला, म्हणजे मधे सव्वीस वर्षं गेली.

आणि जिचं पुढे चांगलं झालं नाही तिचंही सांगते. फेलिसा वुल्फ-सायमन. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमध्ये आर्सेनिक भरपूर आहे, तिथला एक बॅक्टेरिया डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो असं तिच्या टीमने २०१०ला म्हटलं, नासाने प्रेस कॉन्फरन्स घेऊन गाजावाजा केला. २०१२ला दोन स्वतंत्र पेपर्सनी दाखवलं की तसं नाहीये. निष्कर्ष चुकला, ठीक आहे, विज्ञान असंच चालतं, आणि तो बॅक्टेरिया एवढं विष पचवतो हे खरंच आहे. पण टीमचा पेपर असून लोक तुटून पडले ते तिच्या एकटीवर, इंटरनेटवर तिच्या दिसण्या-बोलण्यापर्यंत गेले, संशोधनातली तिची वाट जवळजवळ बंद झाली. २०२५ला सायन्स या जर्नलने तो पेपर मागेही घेतला, फसवणुकीचा आरोप नसताना. तिच्यावर कोणी प्रेरणादायी पोस्ट लिहिणार नाही. मला मात्र वाटतं की तिच्यात आणि मोहिकामध्ये हुशारीचा किंवा जिद्दीचा फरक नसेलही.

हे सगळं मी एवढं मनाला लावून घेते कारण माझी भाची मिठागरातल्या याच जिवांवर पीएचडी करतेय. तिच्या लॅबमध्ये मी प्लेट्स बघितल्यात. जेलीसारख्या माध्यमात वीस-पंचवीस टक्के मीठ घातलेलं, सुकू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उबेला ठेवलेल्या. हे जीव हळू वाढतात, पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही, कडेला फक्त मिठाचे खडे धरतात, मग कधीतरी टाचणीच्या टोकाएवढे गुलाबी ठिपके येतात आणि पोरगी मला रात्री अकराला फोटो पाठवते, मावशी आले बघ! घरी समारंभ असला की तिला विचारतात अजून शिकतेच आहेस? लग्नाचं काय? तिची आई म्हणते बँकेच्या परीक्षा दे.

फेलोशिप कागदावर महिना ३७ हजार, मुंबईत रूमभाडं देऊन त्यात काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि तीसुद्धा यंदा कित्येक महिने आलीच नाही. फाइल इकडे आहे, फाइल तिकडे आहे. मग संध्याकाळी ट्यूशन्स घ्यायच्या, म्हणजे संध्याकाळी लॅब बंद. सॅम्पल मे संपायच्या आत घ्यायला लागतात, कारण एकदा पाऊस पडला की मिठागरात गोडं पाणी भरतं. पैसे जमा झाले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. वर्ष गेलं तिचं. या संघर्षातून ती काय शिकली? काहीही नाही, फक्त एक मोसम वाया गेला. आणि मिठागरांच्या जमिनीवर घरं बांधायचं घाटतंय, तिच्या वाफ्यांचं पुढच्या मोसमात काय असेल देव जाणे.

फेलोशिपच्या फाइली ज्यांच्या टेबलावरून जातात असं कोणी ही पोस्ट वाचत असेल तर हात जोडून सांगते, ती फाइल आज पुढे सरकवा. आणि बाकीच्यांनी, घरात अशी कोणी पोर असेल तर लग्नाचं विचारण्याआधी स्टायपेंड आला का ते विचारा, नसेल आला तर सॅम्पलला जायचं रिक्षाभाडं तिच्या हातावर ठेवा.