स्कीन्सचं कोपर आणि आमचा कट्टा

मुद्दा खरं तर मिसळीच्या पैजेचा होता, काका हरले आणि द्यायला तयार नाहीत, बाकी दोन तास जे काय झालं ते त्याच्यावरून.

पिट्सबर्गात मरे अव्हेन्यूवर एका बंद दुकानासमोर गुडघ्याएवढी भिंत आहे, तोच आमचा कट्टा. नोव्हेंबरात तिथे बसणं म्हणजे शुद्ध येडेपणा, पण घरात बसून भांडण रंगत नाही हो. मी, बंड्या, युनिव्हर्सिटीत स्टॅट्स शिकवणारा मास्तर, फिजिओ असलेली वैदीण (तिला हे नाव आवडत नाही, तरी चिकटलंय) आणि ७१ सालापासून इथे असलेले काका. त्या संध्याकाळी बातमी आली की आमच्या पिट्सबर्गच्या बेसबॉल टीमच्या, पायरेट्सच्या, पॉल स्कीन्सला साय यंग मिळाला, म्हणजे लीगमधला वर्षाचा सगळ्यात भारी पिचर (आपला बॉलर म्हणा), आणि तोही पहिल्या नंबरच्या तीसच्या तीस मतांनी. बंड्या फोन नाचवतच आला.

"काका, मिसळ! कट जास्त!"

पैज लागली ११ मे २०२४ ला. त्या रात्री मी आणि बंड्या स्टेडियममध्ये होतो, स्कीन्सची पहिली मॅच, शिकागो कब्सविरुद्ध. २०२३ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे टीम नवी पोरं निवडतात त्यातला, पहिल्या नंबरचा पोरगा, सहा फूट सहा इंच, एअर फोर्स अकॅडमीत पायलट व्हायला गेलेला आणि मग लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत येऊन नुसता पिचर झालेला. शोएबने २००३ च्या वर्ल्ड कपात १६१.३ चा एक बॉल टाकला तर आपण अजून सांगतो, ह्याने पहिल्याच दिवशी सतरा वेळा शंभर मैलांच्या वर टाकला, आणि शंभर मैल म्हणजे १६१ किलोमीटर. चार इनिंग, सात स्ट्राइकआउट, म्हणजे सात जणांना तीन-तीन स्ट्राइकमध्ये घरी पाठवलं. पाचवीत दोन जणांना बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवर, ठेवून तो बाहेर आला, मागून आलेल्या पिचरांनी समोरच्यांना फुकट चालवत चालवत (चार बॉल बाहेर गेले की बॅटर आपोआप पहिल्या बेसवर जातो) सगळी लीड घालवली, वरून पावसाने दोन तास खाल्ले, आणि शेवटी कशीबशी १०-९ ने मॅच जिंकली. मध्यरात्र उलटल्यावर भिजलेल्या बंड्याने काकांना मेसेज टाकला की हा पोरगा ग्रेट आहे, दोन वर्षात साय यंग घेणार. काकांनी उत्तर दिलं, "मिसळ लागली."

आता काका म्हणतात, "साय यंग मिळाला, मान्य. पण तू आधी ग्रेट लिहिलं होतंस. ते कुठं सिद्ध झालंय?"

"काका, हे चीटिंग आहे. पहिल्या वर्षी ईआरए १.९६, दुसऱ्या वर्षी १.९७! अजून काय पायजे?" (ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर किती रन लागले ते, तीनच्या आत असला तरी लोक टोपी काढतात.)

"आणि ह्या वर्षी त्याच्या नावावर १० जिंकल्या, १० हरल्या," मी मुद्दाम काडी टाकली.

"अरे, टीमच रन करत नाही त्याला तो काय करणार? ९१ मॅच हरली टीम!"

इथे मास्तर घुसला. त्याचं म्हणणं असं की जिंकल्या-हरल्या सोडाच, सुरुवातीला ईआरए पण बघायचा नाही. पहिल्या मॅचचा स्कीन्सचा ईआरए ६.७५ होता, तीन रन, त्यातले दोन तो डगआउटमध्ये बसून बघत असताना झाले. मग त्याच्यावरून पोरगा कसा आहे ते काय कळणार, कप्पाळ? बॅटला लागलेला बॉल फील्डरच्या हातात जातो की दोघांच्या मधून, ते पिचरच्या हातात फार नसतं, हे २००१ मध्ये व्होरोस मॅकक्रॅकन नावाच्या माणसाने मांडलं तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. पिचरचं स्वतःचं काय? तर किती जणांना स्ट्राइकआउट केलं आणि किती जणांना फुकट चालवलं. त्यातही स्ट्राइकआउटचा अंदाज सत्तरेक बॅटर झाले की बऱ्यापैकी यायला लागतो, ईआरएला मात्र वर्षं लागतात. "दुसरी मॅच शिकागोत, सहा इनिंग, एकही हिट नाही, अकरा स्ट्राइकआउट. म्हणजे दोन मॅचमध्ये दहा इनिंगला अठरा. मी तेव्हाच म्हणालो होतो."

"तू तेव्हा सॅम्पल साइज सॅम्पल साइज करत होतास," वैदीण म्हणाली. खरंय, मी साक्षीदार आहे.

पण मास्तरचं गणित सगळीकडे चालतं असं मला वाटत नाही, आणि मी ते बोललो पण. जुना पिचर ग्रेग मॅडक्स घ्या. १९८७, पहिलं पूर्ण वर्ष, ६ जिंकल्या १४ हरल्या, ईआरए ५.६१. बरं, मास्तरचे आकडे लावले तरी काय, १०१ स्ट्राइकआउट आणि ७४ जणांना फुकट चालवलेलं, म्हणजे तिथेही नापास. पुढच्या वर्षी त्याच माणसाने १८ जिंकल्या, नंतर लागोपाठ चार साय यंग, एकूण ३५५ विजय. दुसरा पिचर रॉय हॅलडे तर अजून भारी, दुसऱ्याच मॅचमध्ये नवव्या इनिंगला दोन आउट होईपर्यंत एक हिट दिला नव्हता, म्हणजे झालं, सगळ्यांनी डोक्यावर घेतला, आणि २००० साली ईआरए १०.६४. पार खालच्या लीगमध्ये नेऊन त्याची अ‍ॅक्शन नव्याने बसवली, तिथून वर आला आणि दोन साय यंग घेतले. आता ह्यातल्या कुठल्या महिन्यात तुम्ही त्याला जज केलं असतं?

"म्हणजे काकांचं बरोबर?" बंड्या.

"काकांचं अर्धं बरोबर." मी जरा सुरक्षित खेळलो.

काका इतका वेळ चहा फुंकत होते. मग म्हणाले, "स्टीव्ह ब्लास माहित्ये का?" आम्हाला तो टीव्हीवरचा गप्पिष्ट कॉमेंटेटर म्हातारा म्हणून माहीत. काका म्हणाले, मी इथे आलो त्याच ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची सात मॅचची फायनल, मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, होस्टेलच्या टीव्हीसमोर बसलो होतो आणि ह्या ब्लासने सातवी मॅच एकट्याने पूर्ण टाकून २-१ ने जिंकून दिली. पुढच्या वर्षी १९ जिंकल्या. आणि ७३ मध्ये त्याला अचानक स्ट्राइकच, म्हणजे बॅटरच्या टप्प्यातला सरळ बॉलच, टाकता येईना. दुखापत नाही, आजार नाही, काही नाही. ८८ इनिंगमध्ये ८४ जणांना चालवलं, ईआरए ९.८५, आणि वर्षभरात खेळ खलास. "बुलपेनमध्ये, सरावाच्या जागी, म्हणे सरळ टाकायचा. मैदानात उभा राहिला की बॉल कुठंही. अजून त्याचं नाव आहे त्या रोगाला. मास्तर, ह्याचा आकडा दाखव की तुझ्या फोनवर."

मास्तर गप्प. हे क्वचित होतं म्हणून लिहून ठेवतोय.

बंड्या आगरकरवर घसरला, का ते देव जाणे, बहुतेक मराठी माणसाने विषय हरायला आला की क्रिकेट काढायचं असा नियम असावा. २३ वनडेत ५० विकेट, तेव्हाचा रेकॉर्ड, आमच्या वाड्यात सगळे म्हणायचे पुढचा कपिल आला. "मग? २८८ घेतल्या की वनडेत, वाईट कुठं झालं?" काका म्हणाले, "वाईट नाही रे, पण कपिल झाला का? आणि हिरवाणी? पहिल्या टेस्टला १६, सगळ्या मिळून १७ टेस्ट." मग त्यांनी ह्याच टीमने २००८ मध्ये साइन केलेल्या दोन भारतीय भालाफेकवाल्या पोरांचा, रिंकू सिंग आणि दिनेश पटेलचा विषय काढला, पण आधी बेसबॉल बघितलेलाच नाही अशी ती पोरं, त्यांची ह्याच्याशी तुलना कशी करता, असं म्हणून वैदीणीने तो तिथेच मारला.

आणि मग तीच सुटली. तिच्या मते आम्ही चौघेही चुकीची गोष्ट बघतोय. "वॉशिंग्टनचा पिचर स्ट्रासबर्ग आठवा. ८ जून २०१०, पहिली मॅच, आपल्याच टीमला सात इनिंगमध्ये १४ स्ट्राइकआउट. मास्तरचे सगळे आकडे फर्स्ट क्लास. ऑगस्टमध्ये कोपर गेलं." सर्जरी झाली, परत आला, २०१२ मध्ये टीमने १५९ इनिंगनंतर जपायचं म्हणून त्याला बसवून ठेवला त्यावरून देशभर बोंबाबोंब, २०१९ ला वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात भारी खेळाडू, मग सात वर्षांचा २४५ मिलियन डॉलरचा करार, आणि त्या करारात मॅच किती टाकल्या? आठ. तो ग्रेट की वाया गेला, सांगा आता. आणि एवढं लांब कशाला, जॅरेड जोन्स, स्कीन्सच्याच टीमचा, त्याच २०२४ ला आलेला, तोही शंभरच्या आसपास टाकणारा, त्याचं २०२५ अख्खं कोपराच्या सर्जरीत गेलं.

तिने बंड्याचा हात ओढला, जॅकेटची बाही वर केली आणि कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. बंड्या ओरडला. "इथे एक छोटं लिगामेंट आहे, हाडं बांधून ठेवणारी पट्टी, सगळा जोर ह्याच्यावर येतो. दंड कमावता येतो, हे कमावता येत नाही. पोरगा जेवढा जोरात टाकणार तेवढं हे ताणलं जाणार, म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही टाळ्या वाजवता तेच त्याला खातं."

"मग तुटलं की?" मी.

"मग दुसरीकडची टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, काढून तिथे ओवायची. १९७४ मध्ये टॉमी जॉनवर पहिल्यांदा केलं, तो नंतर १९८९ पर्यंत खेळला. बहुतेक वेळा मनगटातली काढतात. अंगठा आणि करंगळी चिकटवा, मनगट जरा आत वळवा. मधोमध दोरीसारखं वर येतं ना, ती. काही लोकांना नसतेच ती, पण अडत काही नाही."

आता दृश्य असं की मरे अव्हेन्यूवर दिव्याच्या खांबाखाली पाच मराठी माणसं हातमोजे काढून, बोटं चिकटवून आपापली मनगटं बघतायत आणि कुत्रं फिरवायला आलेली एक बाई रस्ता ओलांडून पलीकडून गेली. माझ्या दोन्ही हातांना होती. मास्तरच्या पण. बंड्याची तर एवढी ठसठशीत की तो ती सगळ्यांना फिरून दाखवत होता. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, उजवा हात वळवला, काही नाही. डावा वळवला, तिथेही सपाट.

"काका, तुमचं कोपर गेलं तर संपलंच की हो," बंड्या म्हणाला.

"पायातून पण काढता येते," वैदीणीने धीर दिला.

काकांनी परत एकदा उजवा हात दिव्याजवळ नेऊन बघितला. मग हातमोजा चढवत म्हणाले, "रविवारी या. मिसळ मी करतो, पाव तू आण. आणि ग्रेट शब्द मागे घेऊन ये."

बंड्याने पाव कबूल केले. दुसऱ्या अटीवर रस्ता ओलांडेपर्यंत भांडण चालू होतं.